‘बर्ड’ला जर्मनमध्ये नेमकं काय म्हणायचं? फोगल, श्पात्स, हून आणि बाकीचा थवा

प्रश्न असा आहे: इंग्रजी ‘बर्ड’ म्हणजे जर्मन ‘फोगल’, हे ए१ च्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीच्या, वर्गात पहिल्याच महिन्यात कळतं. पण बी१–बी२ या मधल्या पातळ्यांना पोचल्यावर इंग्रजीतले ‘बर्ड’वाले वाक्प्रचार जर्मनमध्ये सांगायला गेलं की फोगल कधी चालतो, कधी समोरचा गोंधळतो आणि कधी रागावतो. मग कुठे काय वापरायचं?

आधी थोडक्यात सांगतो. पक्षी खराखुरा असेल आणि त्याची जात सांगायची नसेल, तर फोगल. ताटातला असेल तर फोगल चालत नाही. म्हणीतला असेल तर जर्मन भाषा बहुधा चिमणी, कबूतर, कोंबडी असा एखादा ठरावीक पक्षी मागते, किंवा पक्षी सोडून भलतंच काही. आणि विक्षिप्त, गमत्या किंवा कमनशिबी माणसाबद्दल बोलायचं असेल तर फोगल पुन्हा हजर होतो, पण सोबत विशेषण किंवा दुसरा शब्द जोडून. आता तपशील.

सुरुवात उच्चारापासून करू. ‘वोगेल’ म्हणू नका. अस्सल जर्मन शब्दांच्या आरंभीचा व्ही ‘फ’सारखा उच्चारतात: फाटर (वडील), फीअर (चार), फोगल. ‘फो’ लांब, ‘गल’ अर्धवट गिळलेला. शब्द पुल्लिंगी आहे: डेअर फोगल, द्वितीयेत डेन फोगल, चतुर्थीत डेम फोगल, षष्ठीत डेस फोगल्स. अनेकवचनाला प्रत्यय लागत नाही, फक्त ओ वर दोन टिंबं येतात: डी फ्योगल. आप्फल–एप्फल (सफरचंद), गार्टन–गेर्टन (बाग) हे याच गटातले. ‘फ्यो’ ही देवनागरीची तडजोड आहे. जिभेनं ‘ए’ म्हणायचं आणि ओठ ‘ओ’सारखे गोल ठेवायचे, मधला ‘य’ वेगळा ऐकू आला तर उच्चार चुकला. खाली शब्दाच्या शेवटी अनुस्वार दिसेल तो ‘झालं’, ‘केलं’मधल्यासारखा आखूड ‘अ’ समजावा.

चतुर्थीच्या अनेकवचनात शेवटी न येतो: मिट डेन फ्योगल्न. हेच रूप लहान अक्षरानं सुरू करून क्रियापद म्हणून वापरलं की शरीरसंबंधासाठीचा असभ्य शब्द होतो. जुन्या जर्मनमध्ये तो पक्षी पकडण्यासाठी आणि पक्ष्यांची जोडी जमण्यासाठी होता. आज तसा कुणी वापरत नाही. छंदांच्या यादीत हा शब्द एकटा लिहिला आणि मोबाइलनं पहिलं अक्षर लहान केलं, तर वाचणारा खो-खो हसेल. त्यापेक्षा पूर्ण वाक्य लिहा: इश बेओबाख्टं गेर्न फ्योगल, म्हणजे मला पक्षी बघायला आवडतात. नाम हवं असेल तर फोगलबेओबाख्टुंग.

लाडाचं, छोटं रूप फ्योगलशन; गाण्यांत आणि गोष्टींत फ्योगलाइन. दोन्ही नपुंसकलिंगी. ऑस्ट्रियात फोगर्ल म्हणतात, आणि तिथे जेवणात फोगर्लसालाट आला तर घाबरू नका. ती कोवळ्या हिरव्या पानांची कोशिंबीर असते. जर्मनीत तिलाच फेल्टसालाट म्हणतात.

आता ताट. पाळीव, खाण्याचे पक्षी एकत्र म्हणजे डास गेफ्ल्यूगल. हा समूहवाचक शब्द आहे, त्याचं अनेकवचन वापरत नाहीत. वरवर तो ‘फ्ल्यूगल’ (पंख) वरून आल्यासारखा दिसतो, पण मुळात ‘फोगल’चंच समूहवाचक रूप होतं आणि पुढे पंखाच्या शब्दाच्या ओढीनं बदललं. कोंबडी हा प्राणी म्हणजे डास हून. कोंबडा डेअर हान, अंडी देणारी कोंबडी डी हेनं, पिल्लू डास क्युकन. पण हॉटेलात आणि दुकानात मांसासाठी मुख्य शब्द हेनशन: भाजलेली अर्धी कोंबडी हवी असेल तर ‘आयन हाल्बस हेनशन, बिटं’. सूप मात्र ह्यूनरझुपं, कारण त्यासाठी वयस्क कोंबडी, म्हणजे झुपनहून लागते आणि नावातही हूनच राहतो. बव्हेरियात आणि ऑस्ट्रियात हेनशनचं हेंडल होतं, स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच वळणाचं पुले, आणि पूर्व जर्मनीत वाढलेल्या माणसाच्या तोंडी अजून ‘ब्रॉयलर’ येतं. टर्कीच्या मांसासाठी पूटं. ‘मी पक्षी खात नाही’ हे सांगायचं असेल तर ‘काय्न गेफ्ल्यूगल’ म्हणा. ‘काय्नं फ्योगल’ म्हटलंत तर समोरचा चिमण्या डोळ्यांपुढे आणेल.

आजाराच्या बातम्यांत ही विभागणी आणखी स्पष्ट दिसते. बर्ड फ्लूला लोक फोगलग्रिपं म्हणतात, पण पशुवैद्यकीय खात्याच्या सूचनेत गेफ्ल्यूगलपेस्ट असतं. औषध किंवा अन्न क्षेत्रात भाषांतर करत असाल तर मूळ मजकूर कोणत्या पातळीवरचा आहे ते बघून शब्द निवडा.

पक्षिनिरीक्षकांची जर्मन हे वेगळं दालन आहे, आणि आपल्याकडच्या पक्षिमित्रांना तिचं वावडं नसावं. सालिम अली १९२९ मध्ये बर्लिनला पक्षितज्ज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. सुगरण म्हणजे जर्मनमध्ये बायावेबर. ‘वेबर’ म्हणजे विणकर आणि ‘बाया’ हे आपल्याकडचं नाव. साळुंकी हिर्टनमायना, घार श्वार्त्समीलान, मोर प्फाउ, धनेश नासहॉर्नफोगल, म्हणजे सरळ ‘गेंडापक्षी’. खंड्याच्या कुळाला आइसफोगल म्हणतात. इंग्रजी नावात जिथे ‘बर्ड’ नाही तिथे जर्मन नावात फोगल आहे, हे इथे लक्षात येईल. उलटंही घडतं: ब्लॅकबर्ड म्हणजे आम्झल, हमिंगबर्ड म्हणजे कोलिब्री, मॉकिंगबर्ड म्हणजे श्पॉटड्रॉसल, आणि लेडीबर्ड हा किडा मारीअनकेफर. ब्लॅकबर्डचं ‘श्वार्त्सर फोगल’ केलं तर कुठलाही काळा पक्षी होतो.

वर्गांची नावं पाठच करावी लागतात. स्थलांतर करणारा त्सूकफोगल, वर्षभर राहणारा श्टांटफोगल, गाणारा झिंगफोगल, दलदलीत चालणारा वाटफोगल. शिकारी पक्ष्याला जुना शब्द राउपफोगल. ‘राउप’ म्हणजे दरोडा. आजचे अभ्यासक तो टाळून ग्रायफफोगल, म्हणजे ‘पकडणारा’, म्हणतात, आणि त्यात घुबडं मोजत नाहीत. पक्षी-अभ्यास केंद्राला फोगलवार्टं. असं पहिलं केंद्र १९०१ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या रोसिटन इथे निघालं. ते गाव आता रशियात आहे. एक शब्द मुद्दाम सांगण्यासारखा: प्फायलश्टॉर्ख, ‘बाणकरकोचा’. १८२२ मध्ये मेक्लेनबुर्गमधल्या क्ल्युट्सजवळ मानेत आफ्रिकी बाण घुसलेला करकोचा सापडला, आणि करकोचे हिवाळ्यात कुठे जातात याचा हातात धरता येईल असा पुरावा मिळाला. तो रोस्टॉकच्या विद्यापीठात जतन केलेला आहे.

चिमणीबद्दल एक नियम. पक्षिशास्त्रात ती श्पेर्लिंग (घरातली हाउसश्पेर्लिंग), बोलण्यात आणि म्हणींत श्पात्स. म्हणीत श्पेर्लिंग घातला तर म्हण मोडते, आणि पक्ष्यांच्या यादीत श्पात्स लिहिलं तर ते पोरकट दिसतं.

जोडशब्दांतले सापळे भाषांतरकाराला जास्त छळतात, कारण शब्दकोश न उघडताच ते कळल्यासारखे वाटतात. फोगलकिर्शं म्हणजे रानटी गोड चेरी. इंग्रजीत ‘बर्ड चेरी’ म्हणतात ते झाड वेगळं, त्याला जर्मनमध्ये ट्राउबनकिर्शं म्हणतात. वनस्पतींच्या मजकुरात ही अदलाबदल वारंवार दिसते, म्हणून लॅटिन नाव बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका: प्रुनुस आविउम असेल तर फोगलकिर्शं, प्रुनुस पादुस असेल तर ट्राउबनकिर्शं. फोगलबेअरं हे रोवन झाडाचं लालकेशरी फळ. फोगलश्पिनं म्हणजे केसाळ, मोठा टॅरँट्युला कोळी. फोगलबाउअर म्हणजे पिंजरा, त्यातला बाउअर शेतकरी नव्हे. विमानाला पक्षी धडकणं फोगलश्लाक. शेतातलं बुजगावणं फोगलशॉइखं. उंचावरून दिसणारं दृश्य फोगलपेर्स्पेक्टीवं. पण दोन ठिकाणांतलं सरळ हवाई अंतर, जिथे इंग्रजीत कावळा उडतो, तिथे जर्मनमध्ये कोणीच उडत नाही: लुफ्टलीनियं, ‘हवेतली रेघ’. शहामृग डेअर श्ट्राउस, आणि पुष्पगुच्छही डेअर श्ट्राउस. एकवचनात दोघे जुळे, अनेकवचनात वेगळे: शहामृगं श्ट्राउसं, पुष्पगुच्छ श्ट्रॉयसं.

सगळ्यांत फसवा शब्द फोगलफ्राय. ‘पक्ष्यासारखा मोकळा’ असा अर्थ सरळ दिसतो, आणि फार पूर्वी तो होताही. पण सोळाव्या शतकापासून त्याचा अर्थ उलटला: कायद्याचं संरक्षण काढून घेतलेला, ज्याला कुणीही मारलं तरी गुन्हा नाही असा. अशा माणसाचं प्रेत पक्ष्यांसाठी मोकळं सोडलेलं, असा त्या शब्दाचा रोख. १५२१ च्या व्होर्म्सच्या फर्मानानं धर्मसुधारक मार्टिन लूथर साम्राज्यात कायद्याबाहेर ठरला, तेव्हाची त्याची स्थिती सांगताना इतिहासकार हाच शब्द वापरतात. त्यामुळे सुट्टीच्या पोस्टखाली ‘फ्यूलं मिश फोगलफ्राय’ लिहू नका. मोकळं वाटतंय म्हणायचं तर ‘फ्राय वी आयन फोगल’.

आता वाक्प्रचार. जर्मनमध्ये ‘फोगल’ हा शब्द असलेले बहुतेक वाक्प्रचार दोनच ठिकाणांहून आलेत: एक डोक्यातून आणि दुसरं पारध्याच्या हातातून. हे ध्यानात ठेवलं की अर्थ पाठ करावे लागत नाहीत, अंदाजानं जमतात.

डोक्यातले आधी. आयनन फोगल हाबन, म्हणजे डोकं फिरलेलं असणं. वेड्या माणसाच्या डोक्यात पक्ष्यांनी घरटं केलेलं असतं, असा जुना लोकसमज त्यामागे सांगतात. ‘डू हास्ट वोल आयनन फोगल!’ म्हणजे ‘तुझं डोकं ठिकाणावर आहे का?’ त्यातला ‘वोल’ महत्त्वाचा, तो वाक्याला वैतागाचा सूर देतो. त्याच घरट्यातली भावंडं: आयनं मायझं हाबन (मायझं म्हणजे रामगंगा पक्ष्याच्या कुळातला छोटा पक्षी) आणि ‘बाय डिअर पीप्ट्स वोल!’, म्हणजे ‘तुझ्या डोक्यात चिवचिवतंय वाटतं’. तिन्ही फक्त ‘डू’च्या, म्हणजे ‘तू’ म्हणण्याच्या, नात्यात. वरिष्ठाला, शेजारच्या आजींना किंवा सरकारी खिडकीतल्या बाईंना यातलं काही ऐकवू नका.

याचा व्यवहारातला परिणाम असा, की घरी पक्षी पाळला असेल तरी ‘इश हाबं आयनन फोगल’ म्हणणं विनोदाला आमंत्रण आहे. जात सांगून मोकळे व्हा: बजरीगार असेल तर ‘इश हाबं आयनन वेलनझिटिश’, कॅनरी असेल तर ‘आयनन कानारीअनफोगल’. जर्मन लोक हा विनोद स्वतःवर मुद्दाम करतात, तो भाग वेगळा.

त्यातूनच आली एक खूण. येमांडम डेन फोगल त्सायगन, शब्दशः ‘एखाद्याला पक्षी दाखवणं’: तर्जनी कपाळावर किंवा कानशिलावर टकटक करायची. आपल्याकडे हीच खूण ‘जरा डोकं चालव’ अशी सौम्य वाटू शकते. जर्मनीत रस्त्यावर ती शिवी आहे. फौजदारी संहितेच्या कलम १८५ खाली हा अपमानाचा गुन्हा ठरू शकतो. एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी मूळ तरतूद आहे, आणि साधारणपणे ज्याचा अपमान झाला त्यानं अर्ज दिला तरच खटला पुढे सरकतो. दंड ‘टागेसझेत्सं’ म्हणजे दैनिक उत्पन्नाच्या पटीत ठरतो, त्यामुळे एकाच खुणेची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते. नव्यानं गाडी किंवा सायकल चालवणाऱ्यांनी हात हँडलवरच ठेवावेत हे बरं.

इथेच इंग्रजीचा मोठा घोटाळा आहे. अमेरिकन इंग्रजीत ‘पक्षी दाखवणं’ म्हणजे मधलं बोट दाखवणं. त्यासाठी जर्मन शब्द श्टिंकंफिंगर. बातमीत ‘एअर हाट मिअर डेन फोगल गेत्सायग्ट’ असं असेल आणि तुम्ही मधलं बोट असं भाषांतर केलं, तर पोलिसांच्या नोंदीत भलताच पुरावा जाईल. व्याकरण: ज्याला दाखवलं तो चतुर्थीत (मिअर, डिअर, डेम पोलित्सिस्टन), पक्षी द्वितीयेत. ‘डेन’ऐवजी ‘आयनन’ही चालतं.

आता पारध. डेन फोगल आपशीसन, शब्दशः ‘पक्षी खाली पाडणं’, अर्थ बाजी मारणं, सगळ्यांवर कडी करणं. मूळ श्युत्सनफेस्ट या नेमबाजीच्या जत्रेत आहे; वेस्टफालिया आणि ऱ्हाईनच्या काठी ती अजून गावोगाव भरते. उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात, त्याला मुकुट, राजदंड आणि राजगोल लावलेले असतात. आधी ही चिन्हं पाडायची, मग पंख, मग धड. शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीनं खाली येतो तो त्या वर्षाचा श्युत्सनक्योनिश, नेमबाजांचा राजा. म्हणजे मुळात हे कौतुक. आज मात्र ते उपहासानंच जास्त ऐकू येतं: ‘मिट डीझर आउसरेडं हाट एअर डेन फोगल आपगेशॉसन’, ही सबब सांगून त्यानं कळस केला. संदर्भात चांगली गोष्ट असेल तर कौतुक, मूर्खपणा असेल तर टोमणा. इथे ‘डेन’च लागतो, ‘आयनन फोगल आपगेशॉसन’ म्हटलं की खरंच कुणीतरी पक्षी मारला.

दुसरं हत्यार डिंक. पक्षी पकडायला काठ्यांना चिकट लेप लावून त्या झाडाला टांगत. लेप मिसलटोच्या फळांचा किंवा डांबराचा. १९७९ च्या युरोपीय पक्षी-निर्देशानं डिंकाचा हा वापर निषिद्ध ठरवला, पण भाषेत तो चिकटून राहिला. डांबर म्हणजे पेश, म्हणून त्यात अडकलेला पेशफोगल: कमनशिबी माणूस. ‘पेश हाबन’, नशीब फुटकं असणं, हेही त्याच कुळातलं मानतात. येमांडम आउफ डेन लाय्म गेअन, कुणाच्या डिंकावर जाणं, म्हणजे त्याच्या थापेला बळी पडणं; आपल्या ‘जाळ्यात सापडणे’ला अगदी जवळचं. यात फसवणारा चतुर्थीत असतो आणि फसलेला कर्ता: ‘इश बिन इम आउफ डेन लाय्म गेगांगन’. उलटं बांधलं तर तुम्हीच ठग ठरता. आणि पक्ष्याला ओढायला ठेवलेला पाळीव पक्षी लॉकफोगल. आज तो शब्द पोलिसांनी पेरलेल्या माणसासाठी वापरतात. दुकानानं गिऱ्हाईक खेचायला ठेवलेल्या स्वस्त मालासाठीही ‘लॉकफोगल-आंगेबोट’ म्हणतात.

पिंजऱ्यातला एक: ‘फ्रिस, फोगल, ओडर श्टिर्प!’ खा पाखरा, नाहीतर मर. समोर एकच पर्याय ठेवून ‘घ्यायचं तर घ्या’ म्हणणं. शब्द कठोर आहेत. वाटाघाटीच्या बैठकीत समोरच्याच्या वागण्याचं वर्णन म्हणून ठीक, स्वतःच्या प्रस्तावाला लावू नका. आणि पिंजरा रिकामा असेल तर ‘डेअर फोगल इस्ट आउसगेफ्लोगन’: पोलीस पोचले तेव्हा पाखरू उडालेलं होतं. इथे मराठी, इंग्रजी आणि जर्मन तिन्ही जुळतात. असं फार कमी वेळा होतं. सहायक क्रियापद ‘इस्ट’ हवं, ‘हाट’ नको.

माणसांना लावायचे फोगल सगळे पुल्लिंगीच राहतात, बाईबद्दल बोलत असलात तरी: ‘झी इस्ट आयन पेशफोगल’. श्पासफोगल म्हणजे गमत्या, पाराडीसफोगल म्हणजे भडक पेहरावातला, चारचौघांत उठून दिसणारा. कोमिशर फोगल आणि श्रेगर फोगल दोन्ही विचित्र माणसासाठी. पहिल्यात संशयाची छटा आहे, दुसऱ्यात बरेचदा थोडं प्रेमही. गालगनफोगल, ‘फासाचा पक्षी’, म्हणजे बदमाश. आता जुन्या पद्धतीचा वाटतो. तुरुंगवारी केलेल्याला क्नास्टब्रूडर, पक्षी नाही. प्रेमात गुंग जोडप्याला टुर्टलटाउबन, पारवे. ब्रिटिश बोलीत मुलीला ‘बर्ड’ म्हणत. जर्मन फोगलला तो अर्थच नाही.

आता इंग्रजीत ‘बर्ड’ आणि जर्मनमध्ये दुसरंच काही अशा जागा. सगळ्यांत वर ‘एका दगडात दोन पक्षी’. इथे मराठी माणूस दुप्पट फसतो, कारण इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषा त्याला तिकडेच ढकलतात. जर्मनमध्ये दगडही नाही आणि पक्षीही नाहीत: त्स्वाय फ्लीगन मिट आयनर क्लापं श्लागन, एका फटक्यात दोन माश्या. क्लापं म्हणजे इथे माशा मारायचं फटकं. हीच म्हण सर्वाधिक वापरात आहे, परीक्षेच्या निबंधातही शोभते, म्हणून आधी हीच पाठ करा.

‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’ नको असं सांगायचं तर: लीबर डेन श्पात्स इन डेअर हांट आल्स डी टाउबं आउफ डेम डाख, छपरावरच्या कबुतरापेक्षा हातातली चिमणी बरी. व्यवहारात सगळं म्हणत नाहीत. ‘लीबर डेन श्पात्स इन डेअर हांट...’ एवढ्यावर सोडून देतात. ‘डेन श्पात्सन’ असंही रूप बरोबर आहे, दोन्ही ऐकायला मिळतील.

सारखे सारख्यांत रमतात त्यासाठी ‘ग्लायश उंट ग्लायश गेझेल्ट झिश गेर्न’. जवळजवळ आपलं ‘समानशीले’, पक्षी नाही. ‘कुठूनतरी कानावर आलं, कुणाकडून ते विचारू नका’ यासाठी ‘डास हाट मिअर आयन फ्योगलशन गेत्स्विचर्ट’, इथे पाखरू चालतं. पण ‘डास प्फायफन डी श्पात्सन फॉन डेन डेशर्न’, छपरांवरून चिमण्या शिट्या घालताहेत, म्हणजे गोष्ट गावभर झालेली. एकात स्रोत लपवायचा, दुसऱ्यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. या दोघींची अदलाबदल करू नका.

‘लवकर उठे त्याला’ थाटाची इंग्रजी म्हण जर्मनमध्ये शब्दशः आली आहे: डेअर फ्र्यूअ फोगल फेंग्ट डेन वुर्म. सगळ्यांना कळते, चालतेही, पण तिचा इंग्रजी वास जात नाही. देशी म्हण यमकातली: मॉर्गनश्टुंट हाट गोल्ट इम मुंट, सकाळच्या तोंडात सोनं. आळशी मंडळींनी पहिलीचं ‘डेअर फ्र्यूअ फोगल कान मिश माल’ केलंय. कपावर छापलेलं सापडेल, साहेबासमोर म्हणू नये. तिकिटावरची ‘अर्ली बर्ड’ सवलत मात्र फ्र्यूबूखर-राबाट.

उरलेली झटपट सांगतो. ‘फुकट गेलं, निरर्थक’ यासाठी ‘फ्यूअर डी काट्स’, मांजरीसाठी. मुलांना लैंगिक माहिती देताना इंग्रजीत पक्षी आणि मधमाश्या, जर्मनमध्ये बीनशन उंट ब्ल्यूमशन, मधमाश्या आणि फुलं. अगदी कमी खाणं ‘एसन वी आयन श्पात्स’. बिनडोकपणाला श्पात्सनहिर्न. क्षुल्लक गोष्टीला अतिरेकी उपाय केला तर ‘मिट कानोनन आउफ श्पात्सन शीसन’, चिमण्यांवर तोफा. संकट दिसत असून डोळेझाक करणं फोगल-श्ट्राउस-पोलिटीक. वर्तमानपत्रांचा लाडका शब्द.

मग जातवार वाक्प्रचार, ज्यांत ‘बर्ड’ नाही पण जे आल्याशिवाय बी२ चं ऐकणं समजत नाही. कुणाशी जुना हिशेब चुकता करायचा असेल तर ‘मिट डिअर हाबं इश नॉख आयन ह्यूनशन त्सू रुप्फन’, तुझ्याबरोबर एक कोंबडी सोलायची राहिली आहे. बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष हान इम कॉर्प, टोपलीतला कोंबडा. त्याची चैन सुचवणारा शब्द, दया नव्हे. पेपरातली खोटी बातमी एंटं, म्हणजे बदक. फुटबॉलमध्ये धक्का न लागता मुद्दाम पडणं श्वाल्बं, म्हणजे पाकोळी, आणि त्यावर पिवळं कार्ड मिळतं. घरातलं शेंडेफळ नेस्टहेकशन. जप्तीच्या चिठ्ठीला लोक कुकुक म्हणतात, कारण शिक्क्यावरच्या सरकारी गरुडाची त्यांनी कोकीळ करून टाकली. राबनमुटर, ‘कावळी आई’, म्हणजे पोरांकडे दुर्लक्ष करणारी. नोकरी करणाऱ्या आयांना हा शब्द इतका टोचून वापरला गेलाय की परक्या माणसानं तो समजून घ्यावा, वापरू नये.

शोधायचं कसं? डूडन या जर्मन शब्दकोशात, छापील किंवा त्याच्या संकेतस्थळावर, नामाखाली जा, अर्थ संपल्यावर ‘वेंडुंगन, रेडेन्सआर्टन, श्प्रिशव्योर्टर’ असा भाग येतो; वाक्प्रचार तिथे असतात. क्रियापदाखाली शोधून वेळ घालवू नका, पहिलं महत्त्वाचं नाम धरा: ‘आपशीसन’ नव्हे, ‘फोगल’. लिओसारख्या द्विभाषी कोशांत जोड्या मिळतात, पण कोणती जोडी घरात बोलायची आणि कोणती पत्रात लिहायची, हे तिथे पुरेसं कळत नाही. भाषांतरित मजकुरांतून उदाहरणं गोळा करणाऱ्या साइटवर ‘त्स्वाय फ्योगल मिट आयनम श्टाय्न’सुद्धा सापडेल. ते कुणीतरी घाईत केलेलं इंग्रजीचं भाषांतर असतं. शंका आली की तोच शब्दसमूह डीडब्ल्यूडीएस या ऑनलाइन जर्मन शब्दकोशाच्या वृत्तपत्र-संग्रहात अवतरणचिन्हांत टाका, आणि मूळ जर्मन लेखकानं लिहिलेली वाक्यं आली तरच तो वापरा.